मराठवाड्यात राहून कमर्शियल आणि दिवाळखोरीची वकिली होते का?

लातूरच्या जिल्हा न्यायालयात तीन वर्षं प्रॅक्टिस झालेल्या एका वकील मॅडमचा प्रश्न आहे. सध्या वाटपाचे दावे, मनाई हुकूम आणि चेक बाउन्सच्या केसेस चालवतात. आता कमर्शियल लिटिगेशन आणि इन्सॉल्व्हन्सीत शिरायचं आहे. त्यासाठी मुंबई गाठावी का, सीए किंवा सीएस (कंपनी सेक्रेटरी) नसताना जमेल का, आणि पोट भरेल का, असं त्यांनी विचारलंय. शेवटी जाता जाता एक प्रकरणही टाकलंय: डाळ मिलवाल्या अशिलाचे 62 लाख पुण्याच्या एका पार्टीकडे अडकलेत, तर आयबीसीच्या, म्हणजे 2016 च्या दिवाळखोरी संहितेच्या, कलम 8 ची नोटीस धाडू का?

नोटीस आज धाडू नका. का ते शेवटी सांगतो, कारण त्याचं उत्तर मधल्या सगळ्यावर अवलंबून आहे.

मी मूळचा जालन्याचा. वडिलांचं मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, भुसार मालाचं दुकान. सनद 2003 ची, पहिली सहा वर्षं जालन्यात, मग हायकोर्टाच्या खंडपीठामुळे संभाजीनगरला आलो. या क्षेत्रात यायचं असं ठरवून आलो नाही. वडिलांच्या ओळखीतले व्यापारी "पार्टी बसली, वकीलसाहेब, आता काय करायचं?" म्हणत यायचे आणि मला ते नीट सांगता यायचं नाही, एवढंच कारण. मोंढ्यात "बसली" म्हणजे बुडाली. हा शब्द लक्षात ठेवा. तुमचे बहुतेक अशील दिवाळखोरी, इन्सॉल्व्हन्सी वगैरे म्हणत येणार नाहीत, ते असंच म्हणत येतील.

बाहेरून हे क्षेत्र म्हणजे मुंबईतल्या कफ परेडचं एनसीएलटी (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण), काळे गाऊन, हजारो कोटींचे आकडे असं दिसतं. माझ्या डायरीत गेल्या महिन्यात 31 तारखा होत्या. त्यात एनसीएलटीच्या चार. नऊ डीआरटीच्या, म्हणजे इथल्या कर्जवसुली न्यायाधिकरणाच्या. बाकी व्यापारी दावे, लवादाचे अर्ज, दरखास्ती, म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी, आणि कलम 138, म्हणजे चेक बाउन्स. मराठवाड्यातली कमर्शियल वकिली ही अशी मिसळ आहे. फक्त इन्सॉल्व्हन्सी करणारा वकील इथे उपाशी राहील, आणि इन्सॉल्व्हन्सी न कळणारा कमर्शियल वकील अशिलाला चुकीच्या दारात उभा करील.

या कामात कलम शोधायच्या आधी एक गोष्ट शोधायची असते: समोरची पार्टी नेमकी कोण आहे? मोंढ्यात "अमुक ट्रेडिंग कंपनी" अशी भली मोठी पाटी असते. आत गेलं की गादीवर मालक एकटा, जीएसटी नंबर त्याच्या नावावर, बँक खातं त्याचंच. पाटीवर कंपनी लिहिलं म्हणून ती कंपनी होत नाही, ती प्रोप्रायटरी फर्म. तिला 2016 ची दिवाळखोरी संहिता लागूच होत नाही. संहितेतला व्यक्ती आणि भागीदारी संस्थांचा भाग सरकारने 1 डिसेंबर 2019 पासून सुरू केला तो फक्त कंपन्यांच्या जामीनदारांपुरता. बाकीच्यांसाठी मुंबई-कोलकाता-चेन्नई सोडून आपल्याकडे अजून 1920 चा प्रांतिक नादारी कायदाच आहे. आजोबा म्हणायचे "अमक्याने नादारी घेतली", ती हीच. त्या कायद्यात कर्जाची मर्यादा 500 रुपये लिहिलेली आहे, आणि ती अजून बदललेली नाही. बावीस वर्षांत मी नादारीचे तीनच अर्ज चालवले, तिन्ही जिल्हा न्यायालयात. पण दोनदा असं झालं की समोरच्या वकिलाने प्रोप्रायटरी फर्मला आयबीसीची डिमांड नोटीस पाठवली होती, आणि आम्ही चार ओळींचं उत्तर देऊन मोकळे झालो.

पार्टी भागीदारी फर्म असेल तर वेगळीच काळजी. तुमचाच अशील भागीदारीत असेल आणि फर्मची नोंदणी नसेल तर 1932 च्या भागीदारी कायद्याचं कलम 69 आडवं येतं, करारावरचा दावाच चालत नाही. लातूर-जालन्यात तीन पिढ्या चाललेल्या फर्म आहेत, भागीदारीचा लेख स्टॅम्पवर आहे, पण रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे कधी कोणी गेलेलंच नाही. दावा दाखल करायच्या आधी नोंदणीचा उतारा हातात घ्या, "आहे की, साहेब" यावर विसंबू नका.

आणि सहकारी संस्था. आपल्याकडे हा विषय टाळता येत नाही. सहकारी साखर कारखाना अडचणीत आला की कोणीतरी विचारतोच, "एनसीएलटीत टाकू का?" नाही टाकता येत. ते घर महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा, 1960 चं. कारखाना अवसायनात जातो तो कलम 102 खाली, वाद जातात कलम 91 खाली सहकार न्यायालयात, आणि तारण असलेली बँक 2002 चा सरफेसी कायदा, म्हणजे तारण थेट ताब्यात घ्यायचा कायदा, लावते. उसाची एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला रास्त दर, थकली तर आणखी वेगळी वाट: 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात 14 दिवसांत पैसे द्यायचे, न दिल्यास 15 टक्के व्याज, आणि साखर आयुक्त आरआरसी, म्हणजे महसुली वसुलीचा दाखला, काढून जिल्हाधिकाऱ्यांकडे वसुली सोपवतात. तोच कारखाना खासगी कंपनीचा असेल तर सगळं चित्र पालटतं. तो एनसीएलटीत जाऊ शकतो, आणि ऊस घातलेला शेतकरी तिथे ऑपरेशनल क्रेडिटर, म्हणजे माल किंवा सेवेपोटी पैसे येणं असलेला, म्हणून रांगेत उभा राहतो, बँकांच्या बराच मागे. दोन्ही कारखान्यांची धुराडी सारखीच दिसतात, पण शेतकऱ्याच्या हातात शेवटी काय पडेल ते पाटीवरच्या "सहकारी" या एका शब्दावर ठरतं.

आता खरी कंपनी समोर आहे असं धरू. ऑपरेशनल क्रेडिटरने कलम 8 ची नोटीस द्यायची, दहा दिवस थांबायचं, मग कलम 9 चा अर्ज. त्या अर्जाची फी फक्त 2,000 रुपये. दिवाणी दाव्याच्या कोर्ट फी स्टॅम्पशेजारी हा आकडा ठेवला की व्यापाऱ्याचे डोळे चमकतात. आधी थकबाकीची मर्यादा एक लाख होती, तेव्हा लोकांनी याचा वसुलीचा दांडका केला. नोटीस गेली की आठवड्यात चेक यायचा, हे मी स्वतः अनुभवलंय आणि फीही घेतलीय, लपवत नाही. 24 मार्च 2020 ला, टाळेबंदी जाहीर झाली त्याच दिवशी, ही मर्यादा एक कोटी झाली. मराठवाड्यातल्या छोट्या पुरवठादाराच्या तोंडावर ते दार तिथेच लागलं. आणि उघडं होतं तेव्हाही ते वसुलीचं नव्हतंच. अर्ज मान्य झाला की कंपनीचं भवितव्य मुख्यतः बँकांसारख्या कर्ज देणाऱ्यांच्या कमिटीच्या हाती जातं, तुमचे पैसे तुम्हाला आधी मिळतील अशी सोय त्यात कुठेच नाही. हेतू वाईट दिसला तर कलम 65 खाली एक लाखापासून एक कोटीपर्यंत दंड आहे.

माझा एक अशील वाळूजला प्रेस पार्ट करतो. एका कंपनीकडे 1 कोटी 6 लाख येणं. बिलं, चलनं, ई-वे बिलं सगळं टापटीप. लेजरवर समोरच्या अकाउंटंटची सही आणि शिक्का. इतकी स्वच्छ फाइल मी क्वचित पाहिली होती, म्हणून नोटीस दिली. नवव्या दिवशी उत्तर आलं: मालाच्या दर्जाबद्दल आधीपासून वाद आहे. सोबत एक ईमेल, आमच्या नोटिशीच्या चौदा महिने आधीचा, त्यांच्या परचेसच्या माणसाचा. तीनच ओळी. अमुक लॉटमध्ये बर (कडेला उरलेली धातूची खरड) जास्त आहे, लॉट रिजेक्ट, डेबिट नोट पाठवतोय. आणि त्याखाली माझ्या अशिलाचं उत्तर: "ओके सर, नेक्स्ट लॉटमध्ये अ‍ॅडजस्ट करू."

मी त्याला विचारलं, हे मला का नाही दाखवलं? तो म्हणाला, "साहेब, ते तर आपलं नेहमीचं बोलणं. डेबिट नोट तर त्यांनी धाडलीच नाही."

त्याच्या हिशेबी ते सौजन्य होतं. पण सुप्रीम कोर्टाने 2017 मध्ये मोबिलॉक्स विरुद्ध किरुसा या निकालात सांगून ठेवलंय की नोटिशीच्या आधी वाद अस्तित्वात असेल आणि तो निव्वळ बनाव किंवा पोकळ नसेल, तर कलम 9 चा अर्ज टिकत नाही. वाद कोण जिंकेल हे एनसीएलटी पाहत नाही. तो रिजेक्ट झालेला लॉट नऊ लाखांचा. नऊ वजा केले की उरतात 97, म्हणजे एक कोटीच्या खाली. कात्री दोन्ही बाजूंनी लागली. अर्ज गेला.

खरी गंमत पुढे आहे. आम्ही व्यापारी न्यायालयात दावा लावला, तेव्हा तोच ईमेल आम्ही स्वतःहून पहिल्या कागदांत जोडला. कारण त्यात समोरच्याने लॉटचे नंबर, नग, तारखा सगळं कबूल केलं होतं, आणि तक्रार फक्त एका लॉटची होती. म्हणजे बाकीचा माल पोचला आणि ठीक होता हे त्यांच्याच परचेसवाल्याने लिहून दिलेलं. केस मॅनेजमेंटच्या तारखेपर्यंतच समोरचे तडजोडीवर आले, नऊ लाख सोडून बाकी मुद्दल आणि थोडं व्याज देऊन. ज्या कागदाने एका दारात आम्हाला बाहेर काढलं त्यानेच दुसऱ्या दारात आत घेतलं. त्यानंतर माझ्या ऑफिसात एक नियम झाला: कमर्शियल अशील आला की फाइल नंतर, आधी ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅप. दोन वर्षं मागे जाऊन "रिजेक्ट", "क्वालिटी", "होल्ड", "अ‍ॅडजस्ट" हे शब्द शोधायचे. ज्युनिअरला कंटाळा येतो. येऊ दे.

व्यापारी न्यायालयाबद्दल तुम्हाला बरंच माहीत असेल, म्हणून थोडक्यात. 2015 च्या कायद्यात वादाची किंमत किमान एक कोटी लागायची, 2018 मध्ये ती तीन लाखांवर आली, आणि हे काम मुंबई-दिल्लीतून उठून आपल्या जिल्हा न्यायालयात आलं. जिल्ह्यातल्या आपल्या लोकांना अजून दोन सवयी नडतात. पहिली कैफियतीची, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तराची: साध्या दाव्यात आपण अर्ज देऊन वेळ मागत राहतो, इथे समन्सपासून 120 दिवस झाले की हक्कच संपतो, कोर्टाला इच्छा असूनही देता येत नाही. दुसरी सवय थेट दावा ठोकायची. तातडीचा मनाई हुकूम वगैरे मागायचा नसेल तर कलम 12अ खाली आधी मध्यस्थी सक्तीची आहे. सुप्रीम कोर्टाच्या पाटील ऑटोमेशन निकालानंतर, म्हणजे 20 ऑगस्ट 2022 पासून, ती न करता लावलेला दावा दारातूनच परत जातो. मध्यस्थीचा काळ मुदतीतून वगळला जातो, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. मला तर ती आवडते. लातूरचा आडत्या आणि सोलापूरचा खरेदीदार समोरासमोर बसले की निम्म्या वेळा कळतं, भांडण पैशाचं नाहीच, कुणाच्या तरी मुलाच्या लग्नाला कोण आलं नाही त्याचं आहे.

आता सीए-सीएसचा प्रश्न. पदवी लागत नाही. पण लेजर वाचता आलं पाहिजे, आणि ते लॉ कॉलेजात कोणी शिकवत नाही. टॅलीचा प्रिंटआउट समोर आला की मी आधी शेवटची बाकी बघत नाही. शेवटचं पेमेंट कधी आलं ते बघतो, कारण मुदत कायद्याच्या कलम 19 खाली तिथून तीन वर्षं नव्याने मोजता येतात, मात्र ते दिल्याची लेखी खूण हवी. मग ते कोणत्या बिलापोटी आलं की "ऑन अकाउंट" जमा झालं ते बघतो. मग बॅलन्स कन्फर्मेशनचं पत्र आहे का, त्यावर कुणाची सही आहे आणि कोणत्या तारखेची, कारण मुदत संपल्यानंतरची कबुली कलम 18 मध्ये उपयोगाची नाही. समोर कंपनी असेल तर तिचे ताळेबंद काढतो. त्यातलं देणं ही कबुली ठरू शकते, हे बिशाल जयस्वाल प्रकरणात 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने मानलंय. मात्र खालच्या टिपा वाचायच्या, कारण चांगला ऑडिटर तिथे एका ओळीत ती कबुली पातळ करून ठेवतो.

लेजर म्हणजे पुरावा, असं व्यापाऱ्याला वाटतं. वर्षानुवर्षं पुरावा कायद्याचं कलम 34 होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं 28 आहे. मजकूर तोच: हिशेबाच्या वह्यांतली नोंद ग्राह्य आहे, पण नुसत्या नोंदीवर कुणाच्या गळ्यात देणं बांधता येत नाही. एका दाव्यात आमचा मुनीम पिंजऱ्यात होता, चाळीस वर्षं त्याच पेढीवर. समोरच्या वकिलांनी वहीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं: "जुनी बाकी पुढे ओढली, 11 लाख." ही कोणत्या बिलांची? मुनीम म्हणाला, मागच्या वहीतली. मागची वही? ती पुराच्या पाण्यात गेली. खोटं नव्हतं, खरंच गेली होती. पण हुकूमनाम्यातून ते 11 लाखही गेले. तेव्हापासून "जुनी बाकी" दिसली की मी दावा लिहायचं थांबवतो आणि बिलं मागतो. प्रिंटआउट असेल तर त्याच अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र, भाग अ आणि भाग ब दोन्ही भरून, दाव्याबरोबरच लावा.

त्यामुळे माझा सल्ला: एखाद्या चांगल्या सीएकडे सहा महिने रोज संध्याकाळी दोन तास बसा. फुकट बसा. एनसीएलटीत तर सीए आणि सीएसनाही उभं राहता येतं, ते तुमचे स्पर्धकही आहेत आणि कामं देणारेही. माझी निम्मी इन्सॉल्व्हन्सीची कामं सीए मंडळींकडून येतात. पुढे दहा वर्षं प्रॅक्टिस झाली की लिमिटेड इन्सॉल्व्हन्सी परीक्षा देऊन आयबीबीआयकडे, म्हणजे दिवाळखोरी मंडळाकडे, इन्सॉल्व्हन्सी प्रोफेशनल (ही प्रक्रिया चालवणारा) म्हणून नोंदणी करता येते. मी नाही केली. कारखाना चालवायला घेणं, सुरक्षारक्षकांचे पगार, वीजबिलं, कमिटीच्या बैठका हा वेगळाच धंदा आहे आणि त्याला वेगळी छाती लागते.

धनकोंची, म्हणजे पैसे येणं असलेल्यांची, बाजू मात्र शिकून घ्या, कारण आपल्याकडचं इन्सॉल्व्हन्सीचं बहुतेक काम तिथेच आहे. व्हिडिओकॉनचं उदाहरण घ्या. चितेगावचा कारखाना पैठण रोडने जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिलाय. 13 कंपन्या एकत्र करून चाललेल्या त्यांच्या दिवाळखोरीच्या प्रक्रियेत मान्य दावे सुमारे 64,838 कोटींचे होते, आणि जून 2021 मध्ये एनसीएलटीने मंजूर केलेला, नव्या मालकाने पैसे द्यायचा आराखडा सुमारे 2,962 कोटींचा. ऑपरेशनल क्रेडिटर्सना 99.28 टक्क्यांची कात्री. हा हेअरकट आहे की मुंडण, असं खुद्द त्या आदेशात नोंदवलेलं आहे. जानेवारी 2022 मध्ये अपिलात तो आराखडा रद्द झाला, ती कथा वेगळी. पण शंभर रुपयांतले बहात्तर पैसे हा आकडा मी प्रत्येक छोट्या पुरवठादाराला पहिल्याच भेटीत सांगतो, म्हणजे तो कलम 9 कडे वसुलीच्या आशेने बघत नाही.

आणि तरीही फॉर्म भरायचाच. कंपनी प्रक्रियेत गेली की एका इंग्रजी आणि एका मराठी पेपरात हाताच्या पंजाएवढी जाहिरात येते, दावे द्यायला 14 दिवस असतात. पुरवठादाराने फॉर्म बी, कामगाराने फॉर्म डी. उशिरा आलेल्यांना काही काळ सवलत असते, पण एकदा आराखडा मंजूर झाला की त्यात नसलेला दावा कायमचा संपतो, हे सुप्रीम कोर्टाच्या घनश्याम मिश्रा निकालाने 2021 मध्ये पक्कं केलं. माझ्याकडे शेंद्र्याचा एक पॅकिंगवाला मंजुरीनंतर दोन महिन्यांनी आला होता. बिलं सगळी होती. "पेपर वाचत नाही का?" विचारलं तर म्हणाला, "वाचतो ना, पण भविष्य आणि क्रिकेट." कामगारांच्या बाबतीत मात्र एक गोष्ट ठामपणे सांगता येते: पीएफ, पेन्शन आणि ग्रॅच्युइटीच्या फंडातले पैसे आयबीसीच्या कलम 36 प्रमाणे लिक्विडेशनच्या, म्हणजे विकून वाटायच्या, मालमत्तेत धरतच नाहीत. कारखान्याच्या गेटवर उभ्या असलेल्या माणसाला एवढं वाक्य स्वच्छ मराठीत सांगणारा वकील लागतो, आणि तो मुंबईहून येत नाही.

जामीनदारांचं काम येत्या काळात वाढणार. कंपनी भावाची, आणि जामीनपत्रावर सही गावाकडच्या थोरल्याची. असे एक दादा कोर्टाची पिशवी घेऊन माझ्याकडे आले, आत जामीनदाराविरुद्धचा आयबीसीच्या कलम 95 चा अर्ज आणि स्वतःचा सातबारा. "सही करताना वाचलं होतं का?" तर, "धाकट्यानं दाखवलं तिथं केली." कलम 95 ते 100 घटनाबाह्य ठरवून घ्यायचा रस्ता सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर 2023 मध्ये बंद केलाय, त्यामुळे आता रिझोल्यूशन प्रोफेशनल, म्हणजे प्रक्रिया चालवणाऱ्यापुढे, कागद मांडूनच लढावं लागतं. निदान बँकेच्या सरफेसी कारवाईपासून तरी शेतजमिनीला कलम 31 चं संरक्षण आहे हे सांगितल्यावर दादांनी पहिल्यांदा पाणी प्यायलं.

मुंबईचं म्हणाल तर दोन वर्षं जा, घर करू नका. महाराष्ट्रातल्या कंपन्यांसाठी एनसीएलटीचं खंडपीठ मुंबईतच आहे, कारण आयबीसीच्या कलम 60 प्रमाणे जिथे नोंदणीकृत कार्यालय तिथलं न्यायाधिकरण. तिथल्या चांगल्या ऑफिसात ड्राफ्टिंगची जी शिस्त लागते ती इथे लागत नाही, हे कबूल केलं पाहिजे. तारखांची यादी, प्रत्येक तारखेमागे पान क्रमांक, एक विशेषण जास्त नाही. पण तिथे ज्युनिअर म्हणून तुम्ही सहा वर्षं दुसऱ्याच्या फाइलचा विसावा भाग बघाल. इथे तिसऱ्या वर्षी उलटतपास घ्याल. पूर्वी मी देवगिरीने रात्री निघून सकाळी सीएसएमटीला उतरायचो, चार मिनिटांच्या सुनावणीसाठी. आता बऱ्याच तारखा व्हिडिओवर होतात. अंतिम युक्तिवादाला मात्र स्वतः जातो.

पोट भरतं. पहिली चार-पाच वर्षं 138 आणि बँकांची डीआरटीची कामं घर चालवतात, व्यापारी दावे नाव करतात. बँकेच्या पॅनलवर जायचं की कर्जदाराच्या बाजूने उभं राहायचं हे लवकर ठरवा, दोन्ही दगडांवर पाय ठेवणारा गावात ओळखला जातो.

आता तुमचे 62 लाख. एक कोटीच्या खाली, म्हणून कलम 8-9 संपलं. व्याज लावून एक कोटी करायचा खटाटोप करू नका. डाळ मिल ही उत्पादक आहे, त्यामुळे ती सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर 2006 च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांच्या) कायद्याची वाट मोकळी आहे. नुसता आडत्या असता तर नसती, कारण व्यापाऱ्यांची उद्यम, म्हणजे त्या उद्योगांची सरकारी, नोंदणी बँकेच्या प्राधान्य कर्जापुरतीच आहे. नोंदणी माल पाठवायच्या आधीची आहे का ते प्रमाणपत्रावरच्या तारखेवरून बघा, पुष्कळ लोक पैसे अडकल्यावर उद्यम काढतात. ती आधीची असेल तर फॅसिलिटेशन कौन्सिल, म्हणजे थकबाकीचे वाद ऐकणारी त्या कायद्याखालची समिती, पुरवठादाराच्या ठिकाणची चालते, पार्टी पुण्याची असली तरी तिला इकडे यावं लागेल. व्याज बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ. आणि निवाडा तुमच्या बाजूने झाला तर त्याला आव्हान द्यायला समोरच्याला 75 टक्के रक्कम आधी भरावी लागते. नोंदणी नंतरची असेल तर कलम 12अ ची मध्यस्थी आणि व्यापारी दावा.

सगळ्यात जुन्या बिलाला अडीच वर्षं झाली असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे हातात फार दिवस नाहीत. उधारीची मुदत ठरलेली होती का ते बिलावर बघा. नसेल तर तीन वर्षं माल दिल्याच्या दिवसापासून मोजायची. अशिलाला उद्याच बोलवून घ्या, आणि येताना मोबाइल आणि मुनीम दोन्ही बरोबर आणायला सांगा. "ओके सर" कुठे लिहिलंय ते तुम्हाला आधी कळू दे.